डॉक्टरांपुढे ठेवलेले हात

(नाशिकला त्वचारोगतज्ज्ञांची सभा नुकतीच संपली आहे. हॉलबाहेरच्या बाकावर, सभेत डॉक्टरांना आपला आजार दाखवून आलेल्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई अंजली आणि नामपूरहून आलेल्या त्यांच्या सासूबाई, कुसाबाई.)

कुसाबाई : ...आन् तो चष्मेवाला डॉक्टर तुझी बोटं कशी दाबत व्हता, मार्केटात कांदा दाबून बघत्यात तशी! मला लय राग आला.

अंजली : मीच म्हटलं होतं दाबून बघा म्हणून, आई. नुसत्या फोटोत गाठी कळत नाहीत.

कुसाबाई : पर तोंडावरच्याबी दाखवल्या! पुतणीच्या लग्नात तं तोंडावरचा स्कार्फ सोडला नव्हता तू.

अंजली : तिथे सगळे टकामका बघत होते. इथे म्हटलं, कोणाला तरी उपयोग होईल.

कुसाबाई : काय शे म्हनं त्या रोगाचं नाव?

अंजली : मलाही धड उच्चारता येत नाही. हिस्टिओसाइट म्हणून पेशी असतात, शरीराच्या राखणदार. त्याच कातडीत नि सांध्यांत साचत जातात. कोणाच्या हृदयातसुद्धा. माझं हृदय ठीक आहे, बोटं तेवढी वाकडी झाली.

कुसाबाई : आन् आधीचे समदे डॉक्टर संधिवात, संधिवात करत बसले!

अंजली : त्यांनी असा पेशंट कधी पाहिलाच नव्हता हो.

अश्विन : (हॉलमधून बाहेर येत) मॅडम, एक मिनिट. मी डॉक्टर अश्विन, मालेगावचा. तुमच्या नखांच्या कडेला मण्यांसारख्या गाठी आहेत ना, तशाच माझ्या एका पेशंटला आहेत. सांधेही दुखतात. मी चामखीळ समजून जाळणार होतो.

अंजली : बोटं सरळ होतात त्यांची?

अश्विन : अजून होतात. शिवणकाम करतात त्या. आत्ताच फोन करून उद्या बोलावलंय, गाठीचा तुकडा तपासायला घेतो. हृदयाचीही तपासणी करू. पण ऐकून रडायलाच लागल्या. तुम्ही बोलाल?

अंजली : द्या लावून. ...हॅलो, ताई? मी अंजली, नाशिकहून. नाही हो, डॉक्टर नाही, मीही पेशंटच. ...तुम्हाला तेच असेल असं नाही. असलं तरी औषधं आहेत. ...हो, शाळेत जाते ना! ब्रश? दोन्ही हातांनी धरते. मुलं हसली सुरुवातीला, आता रंग कालवून देतात. ...उद्या मालेगावला? मी?

कुसाबाई : हो म्हन.

अंजली : येते, ताई. सकाळीच निघते.

कुसाबाई : माझी नामपूरची गाडी आज राहू दे. उद्या मालेगावपर्यंत तुझ्यासंगं येते, तिथून जाईन घरी.