जेवणाआधी नाव विचारू नये

शारबानू : तोंड उघडू नकोस. आधी दार लाव, मग बर्फ झाड, मग हा हातोडा धर.

पाहुणा : हातोडा? अपा, आजी, माझी बोटं—

शारबानू : बोटं ठोकता ठोकता जागी होतील. पडवीत रुळाचा तुकडा टांगलाय. तीन ठोके, एक श्वास. तीन ठोके, एक श्वास. इथवर कशाच्या आवाजावर आलास?

पाहुणा : त्याच्याच. माझी जीप पलीकडच्या खळग्यात रुतली. तुमचा ठोका नसता तर मी अजून गोल गोल फिरत असतो. अपा, मी—

शारबानू : गप्प! नाव सांगायचं नाही. कुठला, कुणाचा, कशाला आलास, काही सांगायचं नाही. पाहुणा जेवेपर्यंत त्याला यातलं काही विचारत नाहीत.

पाहुणा : आमच्याकडेही हीच रीत आहे. पण मी आपणहून सांगितलं तर चालतं की.

शारबानू : तुला चालत असेल. माझं काय? या हिवाळ्यात आलेला तू पहिला माणूस. विचारायची मजा माझी आहे, ती तू अशी फुकट उधळणार? ठोक. मी मांस चढवते.

पाहुणा : तीन ठोके, एक श्वास. कुणासाठी, एवढं तरी विचारू का? पाहुण्याने विचारलेलं चालतं ना?

शारबानू : पाहुण्याला सगळंच चालतं, हाच तर अन्याय आहे. म्हातारा मेंढ्यांमागे गेलाय. हिमवादळ सुटलं की मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटतात. पुढे आमचा एकशिंगी बोकड. त्याला वाटतं आपण पुढारी. त्याच्यामागे कळप, आणि कळपामागे सत्तर वर्षांचा माणूस. तिघांत शहाणा कोण ते मला विचारू नकोस.

पाहुणा : कधी गेले?

शारबानू : सकाळचा चहा अर्धा टाकून. आता दुपार सरत आली. चहा पुरे झाला की वाटी उपडी घालतात; तो न घालताच उठला, म्हणजे परत येणार आहे. वाटी तशीच ठेवलीय.

पाहुणा : आवाज पोचेल त्यांच्यापर्यंत?

शारबानू : आवाजही वाऱ्याबरोबरच जातो. जिकडे मेंढ्या, तिकडेच. हे एक बरं केलंय देवाने. का थांबलास?

पाहुणा : हात बदलत होतो.

शारबानू : थांबायचं नाही. टेकडीपलीकडे तोक्तासिन राहायचा. त्याची बायको ठोकता ठोकता चुलीवरचा चहा उतरवायला आत गेली. एवढंच. तो दारापासून चाळीस पावलांवर सापडला, बर्फ वितळल्यावर. तिने अजून चहाला तोंड लावलेलं नाही.

पाहुणा : ...तीन ठोके, एक श्वास.

शारबानू : हां. असा.

पाहुणा : अपा, माझ्या पिशवीतून कागद बाहेर आलेत. जळतील. जरा चुलीपासून लांब—

शारबानू : एवढाले रकाने! म्हणजे तू शिरगणतीवाला! लक्षात ठेव, मी विचारलेलं नाही. कागद स्वतःहून बाहेर आला.

पाहुणा : साक्ष देईन. मग ठोकता ठोकता तुमचंही लिहून घेऊ? मला विचारायला बंदी नाही.

शारबानू : बघा! मी मालकीण, घर माझं, मांस माझं, आणि प्रश्न याचे. विचार.

पाहुणा : नाव?

शारबानू : शारबानू.

पाहुणा : घरधन्याचं?

शारबानू : नवऱ्याचं नाव मी घेत नाही. बेचाळीस वर्षांत घेतलं नाही, सरकारसाठी घेईन? तो आला की त्यालाच विचार.

पाहुणा : तोंडाने नको, कागदावर लिहून देता?

शारबानू : तो आला की, म्हटलं ना.

पाहुणा : बरं. घरात आज हजर माणसं किती?

शारबानू : दोन.

पाहुणा : अपा, नियम असा आहे की त्या वेळी प्रत्यक्ष छपराखाली—

शारबानू : तुझा नियम चुलीत घाल, गोवऱ्या कमीच आहेत. दोन.

पाहुणा : मी रकाना रिकामा ठेवतो. तसंही हातात हातोडा आहे, लिहिणार कसा?

शारबानू : शहाणा आहेस. कुणाचा शहाणा, ते नंतर बघू. हे घे, मांस झालं. दे तो हातोडा, तू बस. जेव पटकन. खूप विचारायचंय मला. एवढ्या पातळ बुटात तुला पाठवलं कुणी, इथपासून.

पाहुणा : नाही जेवणार.

शारबानू : काय?

पाहुणा : घरातला मोठा माणूस ताटावर बसल्याशिवाय, त्याने पहिला तुकडा कापून दिल्याशिवाय मी हात लावत नाही. आमच्या आजोबांनी—

शारबानू : आजोबांचं नाव सांगू नकोस!

पाहुणा : नाही सांगत. पण जेवेन त्यांच्याबरोबरच.

शारबानू : उपाशी मरशील.

पाहुणा : नाही मरणार. ते येतायत.

शारबानू : कशावरून?

पाहुणा : वाटी उपडी नाही ना केलेली.

शारबानू : ...ठोक मग. मीही उभी राहते शेजारी. तुझा हात सुजलाय, एक ठोका माझा, दोन तुझे. आपला हात एक झाला नाही तर त्याला वाटेल वाटेत दोन घरं आहेत.

पाहुणा : अपा. ऐका. घंटा?

शारबानू : बोकडाच्या गळ्यातली. वाराही असाच वाजतो. ठोक. थांबू नकोस. मी बघत नाही, तू बघ.

पाहुणा : एक शिंग दिसतंय.

शारबानू : त्याच्यामागे?

पाहुणा : मेंढ्या.

शारबानू : त्यांच्यामागे बघ, गाढवा!

म्हातारा : ओरडू नकोस, आलो. कोण हा लोहार? अर्ध्या वाटेत ठोका बदलला. वाटलं, भलत्याच घरी चाललोय. मग म्हटलं, म्हातारीच्या हातात एवढा जोर नाही. घरी पाहुणा आलाय. म्हणजे मांस शिजतंय. तेव्हा कुठे पाय उचलला.

शारबानू : म्हणजे माझ्यासाठी नाही, मांसासाठी आलास.

म्हातारा : दोन्ही एकाच घरात होती. चहा कुठाय माझा?

शारबानू : गोठलाय. दुसरा देते. आधी या मुलाला तुझं नाव सांग, कागदावर हवंय.

म्हातारा : कोयशिबाय. कोयशिबाय, दोन वेळा लिही, फार थंडी आहे, एक गोठलं तर दुसरं राहील.

पाहुणा : एकदाच लिहितो. अपा, घरात आज हजर किती?

शारबानू : तीन.

पाहुणा : मला नाही धरता येत. मी शहरात मोजला गेलोय. वसतिगृहाची खोली, माणसं एक. एका माणसाला दोनदा मोजलं तर माझी नोकरी जाईल.

शारबानू : शिसपेनने लिहिलंय ना?

पाहुणा : हो.

शारबानू : मग परत गेलास की तिथलं खोड. आज तू त्या खोलीत होतास का? इथे लिही. मी बघत नाही, चष्माही नाही माझ्याकडे.

म्हातारा : एवढं काय चाललंय? नाव काय रे बाबा तुझं?

शारबानू : गप्प बस! मुलगा अजून जेवायचाय.