पिसांसकट एक कोंबडी

अहो थांबा, थांबा — मान नका कापू तिची! आधी ती सुरी खाली ठेवा बघू. मगाशी सांगितलं ना मी, जिवंत हवी — पिसांसकट, पायांसकट, चोचीसकट. सोलायची नाही, तुकडे करायचे नाहीत, काही म्हणजे काही करायचं नाही. वजन तेवढं एक किलो आठशे. थोडं इकडेतिकडे चालेल, पण कमी नको, कमी अजिबात नको. काय म्हणता? पाळायला? छे हो, घरात मीच कसाबसा पाळलेला आहे. खायलाही नाही. विमानावर मारायची आहे. हसा, हसा — सगळेच हसतात. पण विमानावर मारायची आहे म्हणजे खरोखरच विमानावर मारायची आहे.

मी इंजिनियर आहे हो, विमानांचा. या रस्त्याच्या टोकाला ती निळ्या पत्र्याची लांबच्या लांब शेड आहे ना, तिथे. आमच्याकडे एक तोफ आहे, हवेच्या दाबावर चालते. तिच्यात नुकती मारलेली कोंबडी भरायची आणि विमानाच्या पुढच्या काचेवर सोडायची — धाडकन! कशाला म्हणजे? विमान उडत असताना पक्षी येऊन आपटतात ना, त्याची परीक्षा. काचेला तडे गेले तरी चालतील, पण पक्षी आत येता कामा नये. आत आला की संपलं, समोरच वैमानिक बसलेला असतो. सरकारी निरीक्षक येतो, शेजारी उभा राहून बघतो, मग सही करतो. ती सही नसेल तर विमान म्हणजे नुसतं भंगार, महागातलं. आणि फ्रीजमधली का नाही चालत हे विचारू नका. विचारलंतच? अहो, गोठलेली कोंबडी म्हणजे धोंडा. आकाशातले पक्षी काय बर्फात ठेवलेले असतात?

तसा आमचा ठरलेला माणूस आहे कोंबड्या आणून देणारा. नेमका आता त्याच्याकडे रोग आला, सगळं बंद. परीक्षा उद्या सकाळी. खरेदी खात्यातल्या कारकुनाकडे गेलो तर तो म्हणतो, तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवावी लागतील. कोंबडीची दरपत्रकं! म्हटलं, बाबा रे, तू बस मागवत, मी जातो. म्हणून हा असा, गळ्यात ओळखपत्र लटकवून तुमच्या दुकानात. बायको म्हणते, लोकांचे नवरे विमानं उडवतात, आमचे कोंबड्या उडवतात. बावीस वर्षं ऐकतोय. आणि खोटं काय आहे त्यात? बावीस वर्षं एकाच विमानावर घालवली मी — छोटंसं, अठरा माणसांचं. एक प्रवासी बसला नाही अजून त्यात. एक सुद्धा!

वाजू द्या तो फोन. साहेबांचा आहे. साहेब कसले, माझ्या हाताखाली शिकला तो. पेन्सिल धरायची कशी इथपासून शिकवलं, आणि आता मला सांगतो, ‘सर, जरा व्यवहारी व्हा.’ व्यवहारी! वजनाचं वेड लागलंय त्याला. विमान जड झालं, विमान जड झालं — आता विमान जड होतं ते काय मी जेवतो म्हणून? इथून किलो काढ, तिथून किलो काढ. आणि काढलं कुठून, तर चौकटीतून. हे बघा, तुमच्या या दाराला काच आहे ना? ती मधे कितीही दणकट असू दे, चौकट वाकली की काच निखळलीच. तसंच आहे ते. पहिल्या वेळी आम्ही उजवीकडच्या कोपऱ्यावर मारली होती, अगदी काच आणि चौकट मिळतात तिथे. चौकट अशी आत गेली, आणि कोंबडी थेट आतल्या खुर्चीवर. खुर्चीत आम्ही पुतळा बसवला होता. तो पुतळा मी धुतला, माझ्या हातांनी. जेवण गेलं नाही मला त्या दिवशी. मग चौकट जाड केली, परत मारली, पास झाली. लाडू वाटावेत इतका आनंद झाला — आणि वर्षभरात साहेबांनी तीच चौकट पुन्हा तासली! म्हटलं, ठीक आहे, मग कोपऱ्यावर पुन्हा मारू या. तर म्हणतो, कोपरा एकदा पास झालाय. अरे, झाला तो जाड चौकटीचा झाला! निरीक्षकाला कळवलंय काय, तर ‘किरकोळ बदल’. किरकोळ! उद्या मारायची फक्त एक — डावीकडच्या काचेवर, मधोमध. तिथे काच पास होणारच. तुम्ही हातानं कोंबडी फेकून मारलीत तर जेवढी पक्की पास होईल, तेवढीच पक्की.

आता तुम्ही म्हणाल, मग तुम्ही का नाही बोललात? बोललो की! घसा बसेपर्यंत बोललो. बैठकीत बोललो, जिन्यात बोललो, स्वच्छतागृहात त्याच्या शेजारी उभा राहून बोललो. तो म्हणतो, कोपरा गेला तर दोन वर्षं मागे जाऊ, आणि दोन वर्षं थांबायला कंपनीकडे काही उरलेलं नाही, शेडला कुलूप लागेल. आणि ते खोटं नाही हो. तेच तर सलतंय. कुलूप लागलं तर आमची जोडारी मंडळी, शेडमधले फिटर, कुठे जाणार? आणि माझं काय? मी तर आता निवृत्तीला टेकलो. मलाही वाटतं ना, एकदा तरी ते माणसं घेऊन उडालेलं बघावं. गच्चीवर उभं राहावं, बायकोला हाक मारावी, म्हणावं, ते बघ, कोंबड्या नाही उडवल्या नुसत्या. मला काय हौस आहे माझंच विमान फोडायची?

नाही, ती नको, ती फार बारीक आहे. त्या पलीकडच्या खुराड्यातली काढा, तपकिरी. हं, ती.

तोफेचं तोंड कुठे वळवायचं ते मी ठरवतो, तसं पाहिलं तर. उद्याच्या परीक्षेचा प्रमुख मीच आहे. डावीकडे मुख्य वैमानिक बसतो. उजवीकडे... जाऊ दे. तुम्ही वजन करा. उजवीकडे सहवैमानिक. नवीन भरती झालेली पोरं. आमची विमानं ज्या कंपनीनं मागितलीत ना, तिथे माझी मुलगी लागलीय गेल्या महिन्यात. पेढे घेऊन आली, गळ्यातच पडली — ‘बाबा, तुमचं विमान मी उडवणार!’ उजवीकडे बसणार आहे ती. मी म्हटलं, वा वा. दुसरं काय म्हणणार? तिला काय सांगू, त्या खुर्चीतला पुतळा मी धुतलाय म्हणून? उद्याची परीक्षा ठरली त्याला चार दिवस झाले, तेव्हापासून तिच्याशी फोनवर नीट बोलता येत नाही मला. ती विचारते, बाबा, बरं नाही का? मी म्हणतो, सर्दी.

तुम्हाला का सांगतोय मी हे सगळं? तुमचा काय संबंध? बघू, काटा इकडे वळवा. एक किलो आठशे वीस. चालेल. खोक्यात घाला. — ऐका, थांबा जरा. तिच्या शेजारची ती पांढरी, तीही काढा. हो, दुसरी. तिचंही वजन करा, नीट करा. साहेबांनी एकच सांगितलीय, ती डावीकडे, मधोमध, होऊ दे पास. ही उजवीकडे. कोपऱ्यावर. निरीक्षक तिथे उभा असतानाच. काय व्हायचं ते समोर होऊ दे. हिचे पैसे कंपनीच्या बिलात धरू नका, हिचे मी देतो.

परत वाजला. द्या इकडे, घेतो आता. — हॅलो. हां साहेब, मिळाली. एक नाही, दोन घेतल्यात. का ते उद्या सांगतो, निरीक्षकांच्या देखत. — ठेवला त्यानं. बरं, तुम्ही काय बघत बसलात असे? खोक्याला भोकं पाडा की, उद्या सकाळपर्यंत जगायला हव्यात दोघी.