केसरने सोडलेली सावली

मंडळी, एक सांगा मला — देव एखाद्याला सोसायची ताकद जास्त देतो, ती कशासाठी? मिरवायला? बरं, ऐका तर मग!

तापीकाठी एक गाव. तिथे दोन जावा — थोरली भागीरथी, धाकटी मंजुळा. घर वाटलं, तशी जनावरंही वाटली. भागीरथीने संकरित गाय घेतली, काळी-पांढरी. बादली भरून दूध! मंजुळेच्या वाट्याला आली केसर, गीर गाय. तांबडा रंग, फुगीर कपाळ, पाठीवर वशिंड आणि कान? विड्याच्या पानासारखे लांब, दुमडलेले! एवढे मोठे कान, पण चहाडी ऐकायची सवय नाही हो! हसता काय? मी कुणाकडे बघितलं का?

भागीरथी आल्यागेल्याला ऐकवायची, "धाकटीने गाय कान दाखवायला ठेवलीय!" मंजुळेला लागायचं.

आणि आला वैशाख! वावटळीत भागीरथीच्या गोठ्याचे पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिची गाय धापा टाकायला लागली. जीभ बाहेर, तोंडाला फेस, पाय लटपट! भागीरथी धावत आली. "मंजुळे, माझी गाय जातेय गं!"

मंजुळेच्या छपरात जागा एकाच जनावराची. टोमणा अगदी जिभेवर आला हो! माणूसच ती. तिने केसरकडे बघितलं. तुळतुळीत आखूड केस, गळ्याखाली लोंबती सैल कातडी — उन्हासाठीच घडवलेलं अंग! पण हिलाच काही झालं तर? तरी तिने दावं सोडलं.

"आक्का, आणा तुमची गाय आत. माझी सोसेल. तुमची नाही सोसायची."

केसर उन्हात, पाहुणी सावलीत! दोघी जावांनी ओली पोती टाकली, पाणी मारलं. ऊन कलता कलता गाय सावरली! आणि केसर? निवांत रवंथ करत होती! संध्याकाळी तिने पान्हाही सोडला. भागीरथीच्या गाईला मात्र थेंब नव्हता. मंजुळेने आपल्या दुधातली तांब्याभर धार तिच्या हाती दिली.

भागीरथीच्या डोळ्यांना पदर. "काय काय बोलले गं मी तुला!"

"मला कुठे? केसरला बोललात. तिलाच सांगा!"

आणि खरंच, थोरली जाऊ केसरच्या गळ्याखाली खाजवत कितीतरी वेळ उभी राहिली.

मंडळी, ज्याला ऊन सोसतं, त्याने सावली सोडावी! कळलं? मग पंख्याखाली बसलेल्या तरण्या मंडळींनो — जरा मागे बघा. खांबाशी त्या आजी पदराने वारा घेतायत. उठा! आधी त्यांना पुढे आणा. हरिनामाचा गजर मग करू!