सुनेचा नकार

नारिन शहरातल्या दवाखान्यात, औषधांच्या खिडकीपाशी, माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

"बुरुल, सुनेनं मला नाही म्हटलं."

"सासूला? चारचौघांत?"

"भरल्या दस्तरखानावर, सगळे जेवायला बसले असताना. माझं डोकं ठणकत होतं. म्हटलं, तुझी अर्धशिशीची गोळी दे, तुला लगेच उतार पडतो."

"मग?"

"म्हणाली, आई, तुम्हाला हृदयाचा त्रास आहे. ही गोळी रक्तवाहिन्या आवळते. मला चालते, तुम्हाला नाही. मान खाली घातली, पण मूठ काही उघडली नाही."

"चिडली असशील."

"तिच्या हातचा चहा सोडला होता. आज डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतेय, अशी सून आहे माझी."

"माझी मला कधीच नाही म्हणत नाही."

"मग तू जरा जपून राहा."