संत्र्यांची पेटी आणि मोठेबाबांचा गुडघा

"घरच्या मोठ्याचा गुडघा पडल्याशिवाय संत्र्याच्या टोपल्याचं तोंड शिवायचं नाही!" हा आमच्या घरचा नियम... आणि का, ते विचारायचं नाही! मी विचारलं, तर मोठी माय, म्हणजे माझी मोठी काकू, कानांवर हात ठेवून म्हणते, "काहून वं शकुन, कॉलेजात हेच शिकवते काय तुले?" आता तुम्हाला सांगते, कॉलेजात गुडघ्याबद्दल काही शिकवत नाहीत, पण वजनाबद्दल शिकवतात! आमचा संत्र्यांचा बगीचा चांदूर रेल्वे गावापासून दोन कोसांवर. माल आगगाडीने मुंबईच्या अडत्याकडे जातो. तट्ट भरलेलं टोपलं, त्यावर मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा गुडघा, मग डब्यात त्या टोपल्यावर दुसरं टोपलं, त्यावर तिसरं... तळच्या संत्र्यानं सोसायचं तरी किती? घरच्या सुनेइतकं?

यंदा दोन खेपा सडून पोचल्या. अडत्यानं बजावलं, तिसरी सडली तर तुमचा माल बंद. आणि अर्धा बहार अजून झाडांवर!

म्हणून मी पेटी काढली. नत्थुजी सुताराला बसवलं, सलईच्या हलक्या फळ्या, दोन फळ्यांत बोटभर फट म्हणजे वारा खेळेल, चार कोपऱ्यांत चार खुंट म्हणजे वरच्या पेटीचं ओझं खुंटांवर जाईल, फळावर नाही, आणि तळाला, थराथरात, वर, सगळीकडे वाळलं गवत. मोठेबाबा लांबूनच म्हणाले, "पेटीत संत्रं घाबरते." घाबरते! संत्रं! कशाला घाबरतं? विचारायचं नाही!

मग मी सगळ्यांदेखत बैलगाडीवरून एक टोपलं ढकललं आणि एक पेटी ढकलली. टोपल्यातून रसाचा ओघळ. पेटीतलं एकही फुटलं नाही! मोठेबाबांनी पेटीतलं एक सोललं, खाल्लं, बिया थुंकल्या आणि म्हणाले, "गोड हाय." झाला निकाल! पण वीस पेट्यांना हो म्हणाले बरं का... मी खुळी, हरखले, एकेक पेटी स्वतः भरली, फक्त झाकणं ठोकायची ठेवली आणि परीक्षेसाठी दोन दिवस अमरावतीला गेले.

परत येते तो माल रवाना झालेला आणि म्हैस गवत खातेय. वाळलं, स्वच्छ, मी निवडलेलं गवत!

"बाबा, हे गवत इथं कसं?"

आमचे बाबा थोरल्या भावाकडे पाहिल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. त्यांनी पाहिलं. मोठेबाबा म्हणाले, "मुंबईले गवत कायले पाठवा वं? अडत्या काय बैल हाय? जागा रिकामी दिसली, आमी संत्री भरली. पेटीमागं तीस-चाळीस जास्त बसली!"

"आणि झाकण बसलं?"

"बसत नोतं. मंग गुडघा देल्ला."

तुम्हाला सांगते, मी तिथंच मातीत बसले. म्हणजे खिळे थेट वरच्या थरात... अहो, एवढी मेहनत केली ती कशासाठी, असं कोणाला विचारावं? विचारायचं नाही!

आठव्या दिवशी अडत्याचं पोस्टकार्ड, नेहमीसारखं इंग्रजीत. "पेट्यांतून रस गळत होता. पुढचा माल का घ्यावा याचं कारण कळवा, नाहीतर पाठवू नका."

"पाह्य, तुह्यी पेटी!" मोठी माय म्हणाली. "टोपलंच बरं होतं."

मोठेबाबांनी दौत माझ्यापुढे ठेवली. "लिह वं शकुन, मस्त इंग्रजीत लिह. रेल्वेच्या हमालायनं पेट्या आपटल्या."

"हाव, आपटल्या," बाबा म्हणाले.

"तुम्ही पाहिलं?"

"लिहाचं म्हणलं का लिहाचं! विचाराचं नाई!" मोठेबाबा कडाडले.

मी दौत परत सरकवली. "नाही लिहिणार. लिहिलं तर गवत कोणी काढलं आणि झाकण कसं बसवलं, तेवढंच लिहीन."

सगळे गप्प! मोठेबाबा गप्प, बाबा गप्प, मोठी माय, जी झोपेतही बोलते, तीही गप्प... पटून गप्प झाले असं समजू नका हो. तिघंही एकच गोष्ट आठवून पाहत होती, गावात इंग्रजी लिहिणारं दुसरं कोण आहे!