मुठीतला तळ

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकलेत ना, त्यांनाच सांगतोय! टेकलं की डोळा लागतो, आणि आजचं आख्यान डोळे मिटून ऐकण्यातलं नाही. आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणसाला छंद लागतो. तो छंद माणसाला तारतो, की बुडवतो?

आता कुणी म्हणेल, बुवा, छंद म्हणजे हरिनामाचाच ना? थांबा हो. त्याच्याकडं शेवटी जाऊ. आधी तुमच्या घरातले छंद बघू. ह्या समोर बसल्यात माई, ह्यांच्या मांडीवर लोकरीचा गुंडा. सुया कीर्तनातही चालू! चालू द्या माई, माझं चुकलं तर खपून जाईल, तुमचा टाका चुकला तर सगळं उसवावं लागेल. आणि हे आमचे पेटीवाले दामूअण्णा. गावात कुणाची छत्री मोडली की ह्यांना आनंद! मागून घेतात, तारा बसवतात, कापड शिवतात, परत नेऊन देतात. परवा एकाची धड छत्री दुरुस्त करून ठेवली, बिचाऱ्याला ती उघडेना!

हसा, आत्ताच हसून घ्या. पुढं हसायला जागा नाही.

तर मंडळी, पोटासाठी माणूस जे करतो ते पोट करायला लावतं. छंद मात्र तो आपल्या मनानं करतो. म्हणून माणूस कसा आहे हे कळायचं तर त्याचा धंदा बघू नये, छंद बघावा. ऐका मग.

कोंढवळी नावाचं गाव. गावात बयाजी खताळ नावाचा गृहस्थ. पिठाची गिरणी चालवायचा. आठवडाभर पिठानं पांढरा! भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, शिंकला तरी पीठ उडायचं. बायको म्हणायची, ह्यांना ताटाशी बसवावं की परातीत ठेवावं तेच कळत नाही. पण रविवारी गिरणी बंद. रविवारी सकाळी बयाजी पंचा खांद्यावर टाकायचा आणि गावाच्या जुन्या विहिरीवर जायचा.

काय ती विहीर! काळ्या दगडात बांधलेली, भर उन्हाळ्यात तीन पुरुष पाणी. म्हणजे तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी केली तरी वरच्याची टोपी भिजेल. गावात पोहणारे पुष्कळ. मुटका मारून पाणी उडवणारे तर ढीगभर. पण तळाला जाणारा एकच, बयाजी. कठड्यावर उभा राहायचा, हात जोडून सूर मारायचा, आणि पाणी एवढंसं हलायचं. मग पाणी गप्प, काठावरची माणसं गप्प. बराच वेळ गेला की बयाजी वर यायचा, आणि डोकं वर यायच्या आधी पाण्याबाहेर यायची ती त्याची मूठ! मुठीत काय? तळाचा गाळ. तळाला हात लावून आल्याची खूण. नुसतं मी खाली जाऊन आलो म्हटलं तर कोण मानतंय?

आता गाळ तपासायला माणूस हवा. कारण अर्ध्या वाटेवर कपार होती, तिथली माती आणून फसवता यायचं. कपारीतली माती पिवळी, तळाची काळी आणि वासाला उग्र. ती तपासायचे अंबादास मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना पोहता येत नव्हतं. पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करणारा माणूस! त्यांचा छंद वाचायचा. पुस्तक, पंचांग, औषधाच्या बाटलीवरचा कागद, काही चालायचं. भेळ संपली की कागद सरळ करून वाचायचे, आणि बातमी अर्धीच राहिली की भेळवाल्याकडं जाऊन उरलेला कागद मागायचे.

दर रविवारी मास्तर कठड्यावर पुस्तक घेऊन बसायचे. बयाजीनं सूर मारला की पुस्तकात बोट ठेवून आकडे मोजायचे. बयाजी वर आला की त्याची मूठ नाकाशी धरायची, वास घ्यायचा, आणि एकच शब्द बोलायचा. “तळ.” झालं! काठावर टाळ्या. बयाजी चार पोती दळायचा तेव्हा जेवढा खूश नसायचा, तेवढा त्या एका शब्दानं व्हायचा.

आता इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गावातली जाणती माणसं बयाजीला म्हणायची, अरे, तू एकटाच तळाला जातोस, चार जणांना शिकव. कानात दडे बसले की काय करायचं, श्वास किती धरायचा, सांग. बयाजी हसून म्हणायचा, “ते शिकवून येत नसतं. त्याला छंद लागावा लागतो.” खरं कारण काय होतं, मंडळी? चौघं तळाला जायला लागले तर मास्तर चौघांना ‘तळ’ म्हणतील. ते ह्याला नको होतं. आतल्या गाठीचा होता तेवढ्यापुरता. तुम्ही नाही का सुनेला लोणचं शिकवताना एक जिन्नस सांगायचा विसरत?

असं करता करता गावची जत्रा आली. चैत्र महिना, ऊन रणरणतंय, विहिरीवर ही गर्दी! पाहुणे आलेले. मळ्यातले चार-पाच दांडगे गडीही आलेले. मागच्या जत्रेत त्यांनी बयाजीची चेष्टा केली होती, पाण्यात त्याचा पाय ओढला होता. बयाजीच्या मनात ते होतं. त्यानं ठरवलं, आज ह्यांना दाखवायचंच. नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली राहायचं. बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला पाहिजे!

लागला ना. एकाचा लागला.

मास्तर कठड्यावर बसले होते. बयाजीनं सूर मारला. मास्तर मोजायला लागले. नेहमीचा आकडा आला, बयाजी वर नाही. आणखी वीस झाले, नाही. त्यावर आणखी दहा झाले. मास्तर उभे राहिले. पुस्तक कठड्यावर पालथं ठेवलं. उन्हात बसून बसून डोळ्यांपुढं अंधारी आलेली असावी, वय तर झालंच होतं. ते वाकले. आपला माणूस दिसतोय का बघायला वाकले हो, दुसऱ्या कशासाठी नाही. आणि तोल गेला.

खाली बयाजी काय करत होता? मजेत होता! तळाला बसला होता. वर एवढासा उजेडाचा तुकडा दिसत होता आणि मनात हसू येत होतं, की वर आता काय तारांबळ उडाली असेल. दम संपत आला तेव्हा त्यानं गाळात हात घातला, मूठ भरली, तळाला पाय मारला आणि वर निघाला. अर्ध्या वाटेत काहीतरी अंगावर आलं. गाळ ढवळलेला, दिसत काही नाही. एका हातानं त्याचा खांदा धरला. घट्ट धरला. बयाजीला वाटलं, आले मळ्यातले गडी! माझी मूठ सोडवायला आले! त्यानं खांदा झटकला. तो हात पुन्हा आला, दंडाला लागला. बयाजीनं कोपर मारलं, मूठ छातीशी आवळली आणि वर गेला.

पाण्याबाहेर मूठ आली. वर सगळे ओरडत होते. ह्याच्या कानात पाणी. त्याला ऐकू काय आलं? “मास्तर! मास्तर!” त्याला वाटलं, लोक मास्तरांना म्हणतायत, बघा, मूठ बघा! तो हसला. हसला, मंडळी! मूठ उंच धरली आणि म्हणाला, “मास्तर, घ्या वास!”

आणि मग त्यानं कठड्याकडं बघितलं. तिथं पुस्तक होतं पालथं. मास्तर नव्हते.

दामूअण्णा, पेटी थांबवा जरा. इथं सूर नको.

कसं वाटलं असेल हो त्या माणसाला? खांद्यावर अजून पाच बोटं जाणवत होती. मुठीत गाळ होता. मूठ दाखवायची ज्याला, त्यालाच तो खाली ढकलून आला होता.

त्यानं मूठ सोडली आणि बुडी मारली. काही दिसेना. पाणी काळं झालेलं, त्याच्याच पायानं ढवळलेलं. छाती रिकामी, दम पुरेना. वर आला, पुन्हा गेला. मळ्यातले गडी उड्या मारून आले होते, पण त्यांना वरवर पोहता येत होतं, अर्ध्या वाटेतनं कान धरून परत येत होते. तळाला जाणारा दुसरा कुणी नव्हता. का नव्हता? तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या बुडीला त्याच्या हाताला धोतर लागलं.

मास्तरांना पायऱ्यांवर आणलं. पोटातलं पाणी काढलं, छाती दाबली, तोंडानं वारं भरलं, गावच्या डॉक्टरनंही हात टेकले. मास्तर गेले होते. एक हात उघडा होता. दुसऱ्या हाताची मूठ वळलेली. बयाजीनं ती बोटं एकेक करून सोडवली. आत गाळ होता, काळा. जन्मात पाण्यात न उतरलेला माणूस तळाला हात लावून आला होता. बयाजीनं ती मूठ नाकाशी नेली. आजूबाजूला एवढी गर्दी, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“तळ,” तो म्हणाला. त्या दिवशी टाळ्या कोण वाजवणार होतं?

आख्यान इथं संपलं असं समजू नका. बुडण्यापेक्षा पुढचं अवघड आहे. मास्तर पडले हे सगळ्यांनी पाहिलं. पण पाण्यात काय झालं हे कुणी पाहिलं? कुणीच नाही. एक बयाजी, आणि एक तो वर बसलेला. गाव तर उलट म्हणायला लागलं, बयाजीनं केवढी शिकस्त केली, तीन-तीन बुड्या मारल्या! पारावर कौतुक, गिरणीत कौतुक. गप्प राहिला असता तर जन्मभर चांगला म्हणून मिरवला असता.

तेराव्याला तो मास्तरांच्या घरी गेला. मास्तरांच्या पत्नी उमाताई ओसरीवर बसल्या होत्या. मांडीवर लोकरीचं विणकाम. मास्तर वाचायचे आणि त्या शेजारी बसून विणायच्या, चाळीस वर्षांचा परिपाठ. शेजारची जागा रिकामी, सुया चालूच. लोक म्हणत, काय ही बाई! अहो, थांबल्या असत्या तर काय धरून बसल्या असत्या? त्यांनी मान वर न करता विचारलं, “बयाजीभाऊ, खरं सांगा. ते खाली येताना तुम्हाला दिसले का?”

दिसले नव्हते. ‘नाही’ म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं! बघा, सुटायला केवढी वाट होती. बयाजीची मान खाली गेली.

“दिसले नाहीत वहिनी,” तो म्हणाला. “पण हात लागला होता. दोनदा. मला वाटलं माझी मूठ सोडवायला कुणी आलंय. मी झटकला.”

सुया थांबल्या. उमाताई रडल्या नाहीत की त्याला बोलल्या नाहीत. उरलेले चार टाके घातले, गाठ मारली, लोकर दातानं तोडली आणि विणकाम त्याच्यापुढं ठेवलं. बिनबाह्यांचा स्वेटर होता. त्या म्हणाल्या, “तुमचाच आहे. त्यांनीच सांगितलं होतं, बयाजी गार पाण्यात जातो, त्याच्या छातीला ऊब हवी. घेऊन जा. हा मला घरात नको.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मंडळी! बयाजी तो स्वेटर घेऊन उठला. भर वैशाखात गिरणीत घालून बसला. घाम आणि पीठ ह्यांचा चिखल व्हायचा अंगावर. बायकोनं हात जोडले, काढा म्हणून. त्यानं काढला नाही. पाऊस लागेपर्यंत घातला.

उमाताईंनी त्याला माफ केलं का? लोक मला विचारतात. नाही केलं. शेवटपर्यंत त्याच्या गिरणीत दळण दिलं नाही. आणि बयाजीनंही कधी मागितली नाही माफी. पण पावसाळा सरल्यावर एका रविवारी तो विहिरीवर गेला. मळ्यातल्या त्याच गड्यांना बोलावलं आणि म्हणाला, या, शिकवतो. नाक दाबून कानातला दडा कसा काढायचा, दम कसा साठवायचा, सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. एकच नेम घालून दिला. तळाला जा, पण वर येताना हात उघडा ठेवून या. मूठ वळलेली दिसली तर पाण्याबाहेर काढायचा. आजही कोंढवळीत पोहणारा पाण्यातून वर येतो तेव्हा आधी त्याचा पंजा दिसतो. पाहुण्यांना वाटतं, हा नमस्कार करतोय.

आता सांगा, छंदानं तारलं की बुडवलं? अहो, पोहणं वाईट नव्हतं, वाचणं वाईट नव्हतं. वाईट होती ती मूठ! तळाला गेलो ह्याचा आनंद नाही, गेलो हे दाखवायचंय.

आणि तुम्ही काय विहिरीत उतरत नाही म्हणून सुटलात? तुम्ही वर्तमानपत्रात डोकं घातलेलं असतं, मोबाईलात घातलेलं असतं, माई, लोकरीत घातलेलं असतं. तेवढ्यात खांद्याला हात लागतो. म्हातारी आई असते, नवरा असतो, लेक असते. तुम्ही न बघता काय म्हणता? ‘थांब जरा.’ आणि खांदा झटकता. तो हात कशासाठी आला होता हे तुम्ही बघितलंत? दुसऱ्यांदा आला तेव्हा तरी बघितलंत? तिसऱ्यांदा तो येत नाही, मंडळी.

मीही सुटलो नाही. चाळीस वर्षं कीर्तन करतोय. म्हटलं ना, हरिनामाच्या छंदाकडं शेवटी येऊ? आलो. मागच्या साली एका गावात मी रंगात आलो होतो, टाळ्या पडत होत्या, आणि घरून निरोप घेऊन माणूस आला. त्यानं माझ्या उपरण्याला हात लावला. मी त्याला हातानंच गप्प केलं. पद पूर्ण केलं. वाहवा घेतली. घरी पोहोचलो तेव्हा वडिलांचे डोळे मिटलेले होते. त्या पदाला किती टाळ्या पडल्या होत्या ते मला अजून आठवतं.

उठा आता. दामूअण्णा, सूर द्या. हात वर करा सगळ्यांनी, नाम घ्यायचंय. असे नाही, मुठी नकोत. बोटं सोडा. माई, सुया खाली ठेवा. त्या खांबाजवळच्या बाबांनी अजून मूठ उघडलेली नाही. उघडा बाबा, आम्ही थांबतो.