पाहुणीनं आधी बोलायचं नाही

नाही, नाही मावशी, आत्ता काही सांगू नका. पाणी प्या, हवं तर डोळे मिटून बसा, पण पुलाचं, बसचं, मुलांचं — एक अक्षर नको. रागावले नाही हो मी. आमच्याकडे रीतच आहे तशी, पाहुणीनं आधी बोलायचं नाही. माणूस पहिल्यांदा सांगतो ना, तेव्हा त्याचा आवाज वेगळा असतो, मध्येच अडकतो, हात कुठे ठेवू कळत नाही त्याला. तेच दुसऱ्यांदा सांगायला गेला की शिळं होतं, पाठ केल्यासारखं म्हणून दाखवतो. म्हणून ते पहिलं सांगणं तिकडे सोफ्यावर, दिव्यांखाली, कॅमेऱ्यासमोर व्हायला हवं. तोवर तुम्हाला बोलू द्यायचं नाही, हेच माझं काम. खरंच, याचाच पगार. हसताय? हसा, हसलेलं चालतं. गाडीत तुम्ही दोनदा तोंड उघडलंत आणि दोन्ही वेळा मला खोकला आला — तो खोटा होता, आता सांगायला हरकत नाही. आणि तुम्ही गप्प बसायचं म्हणजे कुणीतरी बोलायला हवं, म्हणून मी बोलते. मला घेतलंच त्यासाठी. मुलाखतीच्या दिवशी इतकी घाबरले होते की त्यांनी नुसतं नाव विचारलं आणि मी शाळा, कॉलेज, लहानपणी पडून तुटलेला दात, सगळं सांगून मोकळी झाले. प्रोड्यूसर साहेब म्हणाले, हिला ठेवा, ही पाहुण्याला श्वाससुद्धा घेऊ देणार नाही.

— काय वाजलं ते? दार? नाही... एसी आहे. असाच खडखडतो आणि दर वेळी मी उठून उभी राहते. तुम्ही नका घाबरू. तुम्ही कशाला घाबराल म्हणा. शाळेची बस पुलाचा कठडा तोडून अर्धी बाहेर लटकलेली, ड्रायव्हर बेशुद्ध, आणि तुम्ही, बसवर पोरं सांभाळणाऱ्या मावशी, सगळ्या पोरांना मागच्या बाकांवर जवळ घेऊन बसलात, दोर येईपर्यंत. एक पोर उठून पळालं असतं तरी बस खाली गेली असती. एकही हललं नाही. हे पेपरात आलं, सगळ्यांनी वाचलं. पण का हललं नाही, तुम्ही काय सांगितलंत त्यांना, ते कुठेच आलेलं नाही. ते आज आमच्या सोफ्यावर कळणार. समोरच्यांच्या नाही, आमच्या. आणि ते समोरच्यांकडे गेलं तर — तर मी गेले, मावशी. माझ्याआधी या कामावर एक मुलगी होती, तिच्या हातून पाहुणा निसटला, समोरच्यांनी नेला. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र खाली फाटकावरच काढून घेतलं. वर येऊन डबासुद्धा नेऊ दिला नाही. तो डबा अजून आमच्या कपाटात आहे, कुणी हात लावत नाही त्याला.

समोरचे म्हणजे कोण? अहो, खरोखर समोरचे. रस्त्यापलीकडची ती निळ्या काचांची इमारत. थांबा, पहिल्यापासून सांगते, ही गोष्ट आम्ही सगळ्याच पाहुण्यांना सांगतो, वेळही जातो. पूर्वी सकाळी टीव्हीवर काहीच नसायचं, नुसत्या रंगीत पट्ट्या आणि शिट्टीसारखा आवाज. मग आमच्या चॅनेलनं एक गृहस्थ बसवले. बातम्या सांगायचे, हवामान सांगायचे आणि मधून मधून किती वाजले ते सांगायचे. घड्याळकाका म्हणायचे लोक त्यांना. घरात कुणी घड्याळाकडे बघेना. काका म्हणाले की मुलांच्या आंघोळी, काका म्हणाले की डबे, काका म्हणाले की घराबाहेर. एकदा काकांचं घड्याळ मागे पडलं तर निम्म्या शहराला उशीर झाला म्हणतात — खरं-खोटं देव जाणे, आमच्याकडे हे फार कौतुकानं सांगतात. मग एकटा पुरुष सकाळी रुक्ष वाटतो म्हणून शेजारी एक बाई बसवल्या. त्या इतक्या घरच्यासारख्या बोलायच्या की लोक त्यांना वहिनी म्हणायला लागले. दोघांसाठी सोफा केला, दोन तुकडे जोडून. आणि भांडण तिथूनच. पडद्यावर डावीकडे जो बसतो त्याचं नाव आधी येतं म्हणे. डावीकडे काका. वहिनींनी बरीच वर्षं काढली उजवीकडे. मग एका सकाळी आल्या त्या डावीकडे जाऊन बसल्या, आणि काका संपूर्ण कार्यक्रम उभ्यानं बोलले. लोकांना वाटलं काकांना पाठीचा त्रास झाला, घरगुती उपायांची पत्रं आली पोत्यानं.

त्यानंतर वहिनी गेल्या. समोरच्यांनी नेल्या, त्याच वेळेचा, तसाच कार्यक्रम काढला त्यांच्यासाठी — आणि जाताना वहिनी आपला अर्धा सोफा घेऊन गेल्या. शप्पथ. ट्रक आणून. म्हणाल्या, हे माझं माहेरचं नाही, कष्टाचं आहे. म्हणून बघा, त्या टीव्हीत दिसतोय ना आमचा सोफा, त्याचं एक टोक थोडं फिकं आहे. ते नंतर जोडलेलं. तिथेच बसायचंय तुम्हाला. त्या दिवसापासून हे चाललंय. त्यांनी डॉक्टर आणला, आम्ही जनावरांचा डॉक्टर आणला. त्यांनी कुत्रा आणला, आमच्यांनी माकड आणलं, ते काकांना चावलं. त्यांनी रस्त्याकडे खिडकी पाडली, आम्ही अख्खी भिंत काचेची केली. ते आमच्याआधी मिनिटभर सुरू करायला लागले, मग आम्ही त्यांच्याआधी, असं करत करत आता कार्यक्रम सुरू होतो तेव्हा उजाडलेलंही नसतं. पण एक गोष्ट दोघांनीही सोडली नाही. सगळं लाइव्ह. आधी कॅमेऱ्यात भरून ठेवलेलं काही दाखवायचं नाही, तेवढी लाज दोघांनीही राखली.

आणि मग पाहुण्यांची पळवापळवी. ती तर काय सांगू. हॉटेलात दुसऱ्याच नावानं खोली घ्यायची. सामानाच्या लिफ्टनं वर आणायचं. स्टेशनावर आमच्या नावाची पाटी घेऊन त्यांचा माणूस उभा. म्हणून मी तुमच्या घरी उजेड पडायच्या आत आले, म्हणून तुम्हाला मागच्या दारानं काढलं. गाडीत बसल्यावरही मी ड्रायव्हरकडे बघत होते — रोजचाच आहे, पण वाटलं, आज हा फुटला तर?

अं? नको, मावशी, हात खाली घ्या. काही सांगायचं असेल तर मान हलवा. बाथरूम? नाही. भूक? नाही ना. मग राहू द्या. थांबा, तुमचा कोट नीट करते, कॅमेऱ्यात सुरकुती फार दिसते. हे बटण मगापासून बघतेय मी. काळा कोट आणि बटण लाल दोऱ्यानं शिवलेलं. माझ्या ताईची सवय अशीच. पर्समध्ये जो दोरा असेल त्यानं शिवणार, रंग बघायचा नाही, आणि वर गाठ इतकी घट्ट की कापड फाटेल पण बटण हलणार नाही. माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाला हिरव्या दोऱ्याची बटणं होती, मुली चिडवायच्या.

ताई समोर आहे. म्हणजे समोरच्यांकडे. हेच काम करते — पाहुणे सांभाळायचं. कुणाला सांगू नका, इथे चार जणांना ठाऊक आहे, पण बोलायचं नाही असं आहे. तिनंच शिकवलं मला. ही रीत तिचीच शिकवण, पाहुणीला बोलू द्यायचं नाही. आम्ही एका खोलीत झोपतो, पण कामाचं अवाक्षर काढत नाही. एकीचा फोन वाजला की दुसरी गॅलरीत जाते. आईची पंचाईत. ती शेजारी शेजारी दोन टीव्ही लावते आणि दोन्हींचे आवाज बंद ठेवते. म्हणते, दोघीही माझ्याच. जाहिराती लागल्या की तेवढा आवाज वाढवते.

काल ताई आली ती न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपली. आणि आज मी उठायच्या आत माझ्या चपला पुसून ठेवलेल्या. ताई तशी प्रेमळ आहे, पण अशी न सांगता चांगली वागली की काहीतरी झालेलं असतं. लहानपणी माझी बाहुली हरवली तेव्हा तिनं आधी माझा गृहपाठ करून दिला होता आणि मग सांगितलं होतं. कधीची मनाला समजावतेय, चपला आहेत नुसत्या. तिला वेळ होता, पुसल्या.

एवढी शांतता का झाली हो? ऐकताय? पलीकडे या भिंतीमागे सगळे आरडाओरडा करत असतात, कॅमेरा एक, कॅमेरा दोन, आणि आत्ता एकदम — काचेतून दिसतंय मला, सगळे उभे राहिलेत. उभे का राहिलेत? आणि हे काय, आमच्या सोफ्यावर हवामानवाला कसा? त्याची वेळ नाही ही. तुमच्या जागेवर बसलाय तो. नाही, होतं असं कधी कधी, वेळ भरून काढतात. त्या कोपऱ्यात कापडाखाली आहे ना, तो समोरच्यांचा टीव्ही. पाहुणे असताना झाकून ठेवतो आम्ही. मी जरा कापड वर करते. एवढंसंच. बघायला नको, पण —

तुम्ही.

मावशी, या तुम्ही आहात. हाच कोट. हेच बटण. तुमच्या घरची ती खिडकी, तिच्यातली कुंडी, सकाळी मी त्या कुंडीला अडखळले होते. हे कालचं आहे. हे भरून ठेवलेलं आहे. ते तर कधी — इतकी वर्षं कुणी असं — आणि आवाज कुठाय याला? हा आवाजाचा खटका काढूनच टाकलाय आमच्याच मेल्यांनी. अख्खा देश ऐकतोय तुम्ही काय सांगितलंत ते, आणि मी तुमच्या शेजारी बसून नुसते तुमचे ओठ बघतेय.

दोरा ताईचाच आहे. नाही का? हो ना, मान हलवा. बोला, बोला आता, आता बोललात तरी काय शिळं व्हायचंय.

काल संध्याकाळी ताई आली म्हणता. एकटी. आधी बटण शिवून दिलं. मग विचारलं, आणि मध्ये एकदाही बोलली नाही, ऐकत बसली. मग कॅमेरावाल्याला आत बोलावलं आणि पुन्हा सांगायला लावलं. म्हणजे पहिलं सांगणं तिनं कॅमेऱ्याला दिलंच नाही, स्वतःजवळ ठेवलं. माझी ताई. मग तुम्ही आलात कशाला माझ्याबरोबर? आधी सांगायचं ना — दोनदा गाडीत हेच सांगत होतात? आणि मी खोकले. मगाशी हात वर केलात तेही हेच.

काय म्हणाली ताई? हळू सांगा. 'सकाळी माझी धाकटी न्यायला येईल. तिच्याबरोबर जा, नाहीतर रिकाम्या हातानं परत जाताना वाटेतच तिचा जीव जाईल. घाबरली की ती बोलते. बोलू द्या तिला.' असं म्हणाली? आणि रडली? पुलाचं ऐकून? कुठल्या जागी रडली?

असं झालं होतं होय.

म्हणजे तुम्ही काहीच सांगितलं नाहीत मुलांना. एक चिमुरडी भीतीनं बडबडायला लागली, तिच्या घरचं, तिच्या मांजरीचं, कशाचंही, थांबेचना — आणि बाकीची तिला गप्प हो म्हणून ओरडायला लागली तशी तुम्ही म्हणालात, तिला बोलू द्या, तुम्ही सगळे ऐका. आणि ती सगळी ऐकत बसली. ऐकत होती म्हणून हलली नाहीत. आणि त्या पोरीनं तुमच्या कोटाचं बटण मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की उतरवताना ते तिच्या हातात निघून गेलं.

पावलं येतायत. ऐकलंत? हा एसी नाही. प्रोड्यूसर साहेबांचे बूट आहेत हे, टाच आपटत चालतात. ओळखपत्र काढूनच ठेवते, गळ्यातून ओढून नेलेलं मला नाही सहन व्हायचं. निघत नाहीये. माझा एक हात — अगं बाई, हा माझा हात केव्हापासून आहे इथे? मी तुमचं बटण धरून बसलेय. कधी धरलं मी? सोडते, सोडते. नको सोडू? बरं.

दाराची मूठ फिरतेय, मावशी. बोलून बोलून दाताच्या कण्या व्हायची वेळ आली माझ्या. आता गप्प बसते, एक शब्द नाही काढत. काय? बोलत राहू? काय बोलू, सगळं सांगून झालं. पुन्हा तेच? चालेल तुम्हाला, तेच? बरं. मग... पूर्वी सकाळी टीव्हीवर काहीच नसायचं, नुसत्या रंगीत पट्ट्या असायच्या, आणि शिट्टीसारखा एक आवाज, आणि मग एक दिवस आमच्या चॅनेलनं —